दोन बोटी आणि तुमची पाच माणसं

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि दोन्ही बोटींचे फोटो मिळाले. उत्तराला आठवडा लागला, कारण घाईघाईत लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं. ‘दोन्हीतली चांगली कुठली?’ असं तू विचारलंस. तशा दोन्ही चांगल्याच आहेत. पण बोटीत बसणार तुम्ही पाच जण: तू, तुझा नवरा, आठ आणि पाच वर्षांची दोन पोरं आणि ज्यांच्या मासेमारीच्या हौसेपायी हे सगळं चाललंय ते तुझे बाबा. या पाच जणांना कुठली, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

पहिली बोट १४ फुटी, ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची, १५ हॉर्सपॉवरचं इंजिन मागे. हलकी, साधी, दोघांना उचलून ट्रेलरवर सरकवता येईल अशी. दुसरी १६ फुटी, फायबरची, व्ही आकाराच्या बुडाची, ४० हॉर्सपॉवरची, जुनी. तुझा ओढा पहिलीकडे दिसतो. ‘तिच्यात उभं राहिलं तरी हलत नाही, जमिनीवर उभं असल्यासारखं वाटतं,’ असं तू लिहिलंयस. मला त्याच वाक्याची काळजी वाटली.

सपाट बुडाची बोट सुरुवातीला हलत नाही हे खरंच आहे. बूड रुंद असल्यामुळे थोडं वजन इकडचं तिकडे झालं तरी ती दाद देत नाही. पण एका मर्यादेपलीकडे बोटीचा काठ खाली गेला की तिच्यात धरून ठेवणारं काही उरत नाही आणि मग ती एकदम जाते. व्ही बुडाच्या बोटीचं उलटं आहे. पाय ठेवल्याठेवल्या ती डुलते, नवख्या माणसाला भीती वाटते. पण जसजशी कलते तसतशी तिची फुगीर बाजू पाण्यात शिरते आणि तीच तिला परत वर ढकलते. किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत दोन मिनिटं उभं राहून यातलं काही कळत नाही. किनाऱ्यावर पहिलीच बोट जिंकते.

आता मासेमारी कशी चालते ते आठव. चार तास पाण्यावर असलात तर त्यातले साडेतीन तास बोट थांबलेली असते. इंजिन बंद, नांगर टाकलेला, पोरं कंटाळलेली, आणि मग अचानक एखाद्याच्या गळाला मासा लागतो. त्या क्षणी सगळे कुठे जातात? त्याच बाजूला.

माझ्या बाबतीत हे घडलेलं आहे. माझीही पहिली बोट सपाट बुडाचीच होती. माझी दोन मुलं, मेव्हणा आणि मी असे चौघे होतो. धाकटीच्या गळाला मासा लागला. ती काठी दोन्ही हातांनी धरून मागे रेलली, मेव्हणा जाळी घेऊन वाकला, थोरला बघायला उठला आणि काठी हातातून सुटेल म्हणून मीही त्याच बाजूला सरकलो. काठ पाण्याखाली गेला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. हे मला अजून जसंच्या तसं आठवतं. लाट आपटावी तसं काही नाही, पाणी नुसतं गुळगुळीत चादरीसारखं आत सरकलं. मी ओरडून सगळ्यांना खाली बसवलं, म्हणून बोट उलटली नाही. पण पोटरीच्या निम्म्यापर्यंत पाणी भरलं होतं, आणि आमिषाचा डबा रिकामा करून आम्ही ते उपसत होतो तेव्हा जो जरा हलेल त्याच्या बाजूला ते सगळं पाणी धावत होतं.

नंतर घरी कागदावर हिशोब मांडला. बोटीचा तळ साधारण चार चौरस मीटरचा. त्यावर नुसतं पाच सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते २०० लिटर, म्हणजे २०० किलो. तीन मोठी माणसं अचानक बोटीत आली असं समज, आणि तीही अशी की ज्या बाजूला बोट कलेल त्याच बाजूला पळणारी. आमच्या बोटीत तर त्याहून जास्त पाणी होतं. आत आलेलं पाणी बोटीला बुडवण्याआधी उलटवतं, ते यामुळे.

म्हणून आधी माणसं मोज. बोटीच्या मागच्या बाजूला, आतून, बनवणाऱ्याची छोटी पाटी असेल तर तिच्यावर माणसं, एकूण वजन आणि इंजिनाची कमाल ताकद लिहिलेली असते. ती पाटी शेवटचा शब्द समज. पाटी गेलेली असेल तर एक ढोबळ नियम आहे: फुटांतली लांबी गुणिले फुटांतली रुंदी, भागिले १५. पहिली बोट १४ बाय ५, म्हणजे ७०, भागिले १५, चार माणसं आणि वर थोडं. ते ‘वर थोडं’ सोडून द्यायचं. दुसरी १६ बाय साडेसहा, म्हणजे १०४, म्हणजे सहा माणसं. आणि हा आकडा शांत पाण्याचा आहे. वारा असेल तर त्याहून कमी.

‘पोरं लहान आहेत, दोघं मिळून एक धरू,’ असं तू म्हणशील. वजनाला ते ठीक आहे, पण पाच वर्षांचं पोर मोठ्या माणसापेक्षा दहापट हलतं. शिवाय पोरं वाढतात आणि बोट पंधरा-वीस वर्षं टिकते.

दुसरी गोष्ट परत येण्याची. सकाळी निघताना पाणी आरशासारखं असतं. दुपारी वारा सुटतो, आणि मोठ्या उघड्या तलावावर अर्ध्या तासात फूटभर लाटा उठतात. सपाट बूड लाटेवर चढत नाही, आपटतं. थप, थप, थप असं तासभर चाललं की पोरं रडायला लागतात आणि तुझ्या बाबांची कंबर धरते. वेग कमी करावा तर लाट पुढून आत येते. व्ही बूड तीच लाट कापत येतं. त्याची किंमतही आहे: पेट्रोल जास्त लागतं आणि उथळ पाण्यात, गवताळ काठाला ते नेता येत नाही. तुझे बाबा अशाच काठाला गळ टाकून बसणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना एकट्याला किंवा जावयाबरोबर जायचं असेल तर पहिलीच बोट द्यावी असं मी म्हटलं असतं, आणि त्यात तिळमात्र शंका नाही.

पण तुम्ही पाच जण जाणार आहात. माझं मत दुसऱ्या बोटीला आहे. मात्र एका अटीवर, आणि ती अट नीट वाच.

जुन्या फायबरच्या बोटीची दुखणी बाहेरून दिसत नाहीत. मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती वरून फायबर असली तरी जुन्या बोटींत आत बहुतेक प्लायवूड असतं. कधीतरी कुणीतरी एखादा स्क्रू नीट सील न करता मारलेला असतो, तिथून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं होतं. ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे १०० किलोचं असतं. ते कुजलेल्या फळीवर लटकवून पोरांना घेऊन पाण्यात जायचं नाही.

तपासायचं कसं? स्क्रू-ड्रायव्हर घे आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने फळीवर ठोकत जा, तळापासून वर, इंजिनाच्या बोल्टांभोवती जास्त. चांगली फळी टणटणीत वाजते. कुजलेली फळी ओल्या पुठ्ठ्यासारखी ‘भद्द’ वाजते. एकदा दोन्ही आवाज ऐकलेस की पुन्हा चुकणार नाहीस. मग इंजिन अर्धं वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने दाबून बघ आणि नवऱ्याला फळीकडे बघत उभं राहायला सांग. फळी किंचितही वाकली किंवा कोपऱ्यात बारीक भेगा उघडल्या, तर मालक कितीही कमी करो, आभार मानून परत ये. मी स्वतः एकदा ‘थोडीशी दुरुस्ती’ म्हणून अशी बोट घेतली होती. फळी उघडली तेव्हा आतून हाताने खरवडून लाकडाचा काळा चिखल निघाला. पूर्ण मोसम ती अंगणात पडून राहिली.

तशीच तळावर चालून बघ. कुठे पाय दबला तर खाली लाकूड गेलेलं आहे. लहान बोटींत तळाखाली फोम भरलेला असतो, बोट भरली तरी तरंगत राहावी म्हणून. जुना फोम पाणी पितो आणि मग तो तरंगवायचं काम करत नाहीच, उलट ओझं होतो. शंका आली तर बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर ने. ट्रेलर आणि इंजिनाचं वजन वजा करून बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा वजन बरंच जास्त भरलं, तर ते पाणीच आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते मेकॅनिकला दाखवता येतं, आणि दाखवच. तू एवढं कर: ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका’ असं मालकाला आधी कळव आणि पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या कव्हरला हात लाव. गरम लागलं तर ते का, हे विचार. थंड इंजिन कसं सुरू होतं यावरून निम्मं कळतं. सुरू झाल्यावर बाजूने पाण्याची बारीक धार नेमाने पडली पाहिजे, नाही पडली तर लगेच बंद करायला सांग. पाण्याबाहेर, नळीने पाणी न देता इंजिन चालवून दाखवत असतील तर थांबव. आतल्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला तर मिनिटाभरात जातो. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघ. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. मेकॅनिकला सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांग. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको.

बोट घेतल्यानंतरच्या दोन सवयी मात्र आत्ताच सांगून ठेवतो. नांगर नेहमी पुढच्या टोकालाच बांधायचा. मागे कधीच नाही. मागची बाजू सगळ्यात ठेंगणी आणि इंजिनामुळे सगळ्यात जड असते. तिथे दोर ताणला गेला की पहिली मोठी लाट थेट आत येते. आणि पेट्रोलचे तीन भाग धरायचे: एक जायला, एक यायला, एक राखीव. राखीव भागाला हात लावून कुणी ‘आणखी थोडं पुढे जाऊ’ म्हणालं तर ऐकायचं नाही, बाबा म्हणाले तरी.

पोरांची लाइफ जॅकेटं फोमचीच घे, फुगवायची नकोत. घालून, पट्टे आवळून, जॅकेटच्या खांद्यांना धरून पोराला वर उचल. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षी बसेल’ हा हिशोब कपड्यांना ठीक आहे. आणि जॅकेट किनाऱ्यावर घालायचं, बोटीत चढल्यावर नाही. तुम्ही मोठ्यांनीही.

दुसरी बोट फळीच्या परीक्षेत नापास झाली तर ‘मग पहिलीच घेऊ’ असं करू नकोस. थांब. बोटी येत राहतात. बाबांना वाईट वाटेल, पण त्यांना हे पत्र वाचायला दे. ते या गोष्टी माझ्याइतक्याच जाणतात, फक्त हौसेपुढे त्यांचं मन धावतंय.

रविवारी बघायला जाशील तेव्हा पोरांना घेऊन जा. दोन्ही बोटींत त्यांना मोकळं सोड आणि धाकटा आपणहून कुठे जाऊन उभा राहतो ते बघ. तिथे काठ त्याच्या कमरेच्या वर येतो की गुडघ्यापाशी थांबतो, ते मोजून मला कळव. फळीचा आवाज कसा आला तेही लिही.

तुझा,
काका