घरी 100 एमबीपीएसची लाईन आहे, नुकताच आलेला वायफाय 7 राऊटर लगेच घ्यावा का? काय धोका असतो?

घेऊ नका. निदान सहा महिने तरी नको, आणि कोण आग्रहाने आणून देत असेल तर त्याला पण नको म्हणून सांगा. अनुभवाचं बोलतोय, जरा लांबेल.

मी बेळगावात शहापूरला राहतो. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या चार-पाच फाउंड्र्यांचे (ओतकामाच्या कारखान्यांचे) हिशेब आणि जीएसटीचं काम घरूनच करतो. 2021 च्या दसऱ्याला आमचे साडू पुण्याहून आले ते नवाकोरा वायफाय 6 चा, म्हणजे 7 च्या आधीच्या पिढीचा राऊटर घेऊनच, मॉडेल बाजारात येऊन महिना पण झाला नव्हता. आयटीत आहेत, माणूस मनाने लई चांगला, खरं नवीन काय निघालं की घेतल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आमचा चार वर्षांचा जुना राऊटर बिनतक्रार चालला होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि हा लावला. स्पीड टेस्ट केली, 100 च्या लाईनवर 100 आले. आधी पण तेवढेच यायचे की.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या लॅपटॉपला वायफायचं नावच दिसेना. इंटेलच्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केलेला नसला की वायफाय 6 चं नेटवर्क लिस्टमध्ये येतच नाही, हे मला दोन तास घालवल्यावर कळलं. मग प्रिंटर रुसला, त्याला डब्ल्यूपीए3 ही वायफायच्या पासवर्डची नवी सुरक्षा पद्धत चालत नाही, सिक्युरिटी खाली आणून जुन्या डब्ल्यूपीए2 वर ठेवावी लागली. हे सगळं निस्तरता येतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरी पीडा पुढं होती, दिवसातून चार-पाच वेळा वायफाय गायब व्हायचं आणि मिनिटभराने आपलं आपण परत यायचं.

आणि आली 20 तारीख. थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. रात्री नऊला एकाचं रिटर्न भरत होतो, ओटीपी आला, टाकला, बटन दाबलं आणि नेट गेलं. परत लॉगिन, परत ओटीपी, परत गेलं. तेवढ्यात फाउंड्रीतून फोन, चाकणला जायची गाडी कास्टिंग भरून गेटवर उभी आहे, ई-वे बिल काढून द्या म्हणून. ते असल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, पुढं कोगनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडायची, कोण धाडस करणार? ड्रायव्हर बिचारा तासभर खोळंबला. शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बिल काढलं आणि रिटर्न पावणेबाराला गेलं. घाम फुटला होता मला, दुसऱ्याच्या पैशाचं आणि विश्वासाचं काम आहे हे.

साडूंना फोन केला तर म्हणाले, "अहो राऊटर टॉपचा आहे, तुमच्या बेळगावात लाईनच धड नसते, त्याला काय करणार."

हे मला लागलं. गेली कित्येक वर्षं त्याच लाईनवर पोट भरतोय. तरी दुसऱ्या दिवशी लाईनवाल्या पोराला बोलावलं, त्याने फायबरची पॉवर मोजली आणि म्हणाला, "लाईन बरोबर ऐत्री सर," म्हणजे लाईन ठीक आहे. मी लॅपटॉप केबलने थेट जोडून रात्रभर पिंग, म्हणजे लाईन चालू आहे का ते सारखं तपासणारी चाचणी लावून ठेवली, सकाळपर्यंत एकही पॅकेट हरवलं नाही. जुना राऊटर परत लावला आणि फेब्रुवारीपर्यंत एकदाही नेट तुटलं नाही. त्यावर साडूंचं काय, तर जुना कमी ताण घेतो म्हणून चालतो, नव्याला लाईन चांगली लागते! मग म्हणाले सांब्र्याला विमानतळ आहे, रडारमुळे होत असेल.

रडारच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून सांगतो. 5 गीगाहर्ट्झमध्ये 160 मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा वापरायचा तर रडारच्या वाट्याच्या चॅनेलवर जावंच लागतं. तिथं रडार आहे असं वाटलं की राऊटरने तो चॅनेल सोडायचा, आणि तसल्याच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर किमान मिनिटभर ऐकत बसायचं, मग बोलायचं, असा नियमच आहे. आमचं नेट मिनिटभर जायचं ते यामुळेच असणार. खरं फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर कच्चं असलं की त्याला काहीही रडार वाटतं. फेब्रुवारीत कंपनीने अपडेट काढलं, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की वायफाय अधूनमधून तुटत होतं ते दुरुस्त केलंय. लाईनवाल्या पोराने अपडेट टाकून तोच राऊटर त्याच लाईनवर लावला, पट्टा तसाच 160 चा ठेवला, आणि नेट तुटायचं बंद. विमानतळ अजून तिथंच आहे की.

म्हणजे कंपनीचं टेस्टिंग आम्ही केलं, आमच्या खर्चाने, आणि वर बोल लावला आमच्या लाईनला.

आता तुमचं. या धंद्यात माल आधी येतो आणि नियम मागून. वायफाय 6 चे राऊटर 2019 मध्येच विकत होते, स्टँडर्ड मंजूर झालं फेब्रुवारी 2021 ला. वायफाय 7 चं सर्टिफिकेशन जानेवारी 2024 ला सुरू झालं आणि स्टँडर्ड छापून आलं जुलै 2025 ला. खोक्यावर 320 मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं ते फक्त 6 गीगाहर्ट्झमध्ये चालतं, आणि तो पट्टा अमेरिकेने 2020 लाच खुला केला तरी आपल्याकडे नियमांचा मसुदाच मे 2025 मध्ये निघाला. तेव्हा भारतासाठीच्या मॉडेलमध्ये 6 गीगाहर्ट्झ खरोखर चालू आहे का ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. "हे फीचर पुढच्या अपडेटमध्ये येईल" असं कोण म्हणालं तर ते फीचर नाही असंच धरा. तसंही 100 च्या लाईनला वायफाय 5 चा गिगाबिट पोर्टवाला राऊटर भरपूर झाला. भिंती जाड असतील तर त्याच पैशात दुसऱ्या खोलीपर्यंत केबल ओढा आणि तिथं ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा लावा, जास्त फायदा होईल.

हां, एक राहिलं. जुन्यालाच चिकटून बसा असं पण नाही. ज्या राऊटरला कंपनीने सिक्युरिटी अपडेट द्यायचं बंद केलंय तो बदलाच. आणि तुमची लाईन गिगाबिटची, म्हणजे 1000 एमबीपीएसची असती, घरात वायफाय 7 चे फोन-लॅपटॉप असते तर माझं उत्तर थोडं वेगळं असतं. घेतलाच नवीन, तर परत करायची मुदत आहे तोवर घरातलं प्रत्येक यंत्र जोडून बघा, जुना प्रिंटर सगळ्यात आधी.

नेट तुटायला लागलं तर आधी केबलने तपासा, मग लाईनवाल्याला बोला. त्या अपडेटच्या पानाचा स्क्रीनशॉट मी फॅमिली ग्रुपवर दोनदा टाकलाय, साडूंनी अजून उत्तर दिलेलं नाही. परवा फोनवर म्हणत होते वायफाय 7 चा पाठवतो. मी सांगितलं, पाठवू नका. आणि तुमचा जुना राऊटर एक्स्चेंजमध्ये देऊ नका, आमचा अजून कपाटात आहे, अडॅप्टरसकट.