वास गेला म्हणजे सोनखत तयार झालं, असं नाही

गोराईच्या एका ताईंनी विचारलंय : घरामागे दोन खड्ड्यांचा संडास आहे. पहिला खड्डा गेल्या मे महिन्यात भरला, तेव्हापासून बंद ठेवलाय. परवा झाकण काढलं तर आत भुसभुशीत काळी माती, वास अजिबात नाही. हे सोनखत, म्हणजे मैल्याचं खत, यंदा वांगी-मिरचीच्या वाफ्यात टाकू का?

ताई, वाफ्यात नको. माडाच्या आळ्यात टाका, आणि तेही दिवाळीनंतर.

वास जातो तो जिवाणूंनी मैला कुजवल्यामुळे. जंताची अंडी मात्र त्यातही टिकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओलसर मातीत वर्षभराहून जास्त तग धरतात. आपल्या उष्ण हवेत बंद, कोरड्या खड्ड्याला एक वर्ष पुरतं. पण गोराईत पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं. तुमचा खड्डा चार महिने भिजत होता, ते महिने मी हिशेबात धरत नाही. यंदा झाकणाभोवती मातीचा उंचवटा करून घ्या, पाणी आत जाऊ देऊ नका.

विहीर किती लांब आहे ते तुम्ही कळवलं नाहीत. मला खताहून त्याची जास्त काळजी वाटते. पंधरा मीटरच्या आत असेल तर ते पाणी उकळूनच प्या. पुढचा खड्डा जमिनीत खोल नको, भराव घालून उंचावर बांधा.

काढताना हातमोजे, गमबूट घाला. माडाच्या बुंध्यापासून चार-पाच फुटांवर चर काढून दोन-तीन घमेली टाका, वर माती ओढा. पालक, कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या किंवा मातीला टेकणाऱ्या भाज्यांना हे खत कधीच नको.

आरेतल्या एका पाड्यावरून विचारणा आहे की, बादलीतला मैला भुसा घालून ढिगात टाकतो, पण ढीग तापत नाही. भुसा कमी पडतोय, दादा. मैल्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) फारच कमी. भाताचा पेंढा, सुका पाला मैल्याच्या निदान दुप्पट-तिप्पट घाला. ढीग मीटरभर तरी उंच हवा. मूठ दाबली की ओल लागावी, पाणी गळू नये. मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. थर्मामीटर मिळाला तर उत्तमच, ५५ अंश सलग तीन दिवस दिसले पाहिजेत. मग कडेचा माल आत घेऊन ढीग पुन्हा तापवा. त्यानंतरही झाकून वर्षभर ठेवा.

सेप्टिक टँकचा गाळ टँकरवाला फुकट ओतून देतो, असंही दोघांनी लिहिलंय. घेऊ नका. तो कच्चा मैला असतो, त्यात फिनेल, ॲसिड, पॅड, काय वाट्टेल ते. आणि टाकीत माणूस तर कुणीच उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

सोनखत म्हटलं की काहीजण नाक मुरडतात. पण कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी याच कामात आयुष्य घातलं. ताई, खड्डा उघडलात तेव्हा तळाशी ओल होती का, तेवढं कळवा.