हार्डन केलेल्या डी२ डायवर वेल्डिंग करताना हार्डनेस कसा टिकवायचा? कोणती रॉड वापरू?

तुमची ब्लँकिंग डाय (पत्र्यातून आकार कापणारा साचा) डी२ टूल स्टीलची, हार्डनेस ६० एचआरसी (रॉकवेल सी), कटिंग एजचा कोपरा उडालेला, आणि वेल्डिंग हवंय "डाय अजिबात गरम न करता". प्रश्नातला हा तुकडा वाचला म्हणून लिहायला बसलो. डाय गार ठेवली की पाणी (म्हणजे हार्डनेस) उतरत नाही, हा समज टूलरूममध्ये इतका मुरलाय की त्यापायी डाय तडकली तरी शिव्या रॉडला पडतात.

अशीच एक डाय होती. २०० बाय १५० मिमी, जाडी ४०, त्यावर ३ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापायचा. कोपऱ्याचा टवका ६ मिमी लांब, २ मिमी खोल. सुपरवायझरचं फर्मान: ट्रेमध्ये पाणी भरा, डाय निम्मी बुडवा, वरून आर्गन (टिग) वेल्डिंग मारा. मारलं. बीड (वेल्डचा थर) दिसायला देखणा बसला. आर्गनचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत सगळं शांत, मग एकदाच टिक्. गरम काचेच्या पेल्यावर थेंब पडावा तसा आवाज. डीपी (तडा दाखवणारा लाल रंग) मारली तर बीडला समांतर, त्याच्या कडेपासून अर्धा मिमी बाहेर, अंगच्या लोखंडात लाल रेघ. आणि तिच्यातून फुटलेली दुसरी रेघ डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या पिनच्या) भोकाकडे निघालेली. बीड मात्र शाबूत. निकाल काय? "रॉड जुनी होती."

रॉडचा काही संबंध नव्हता. डी२ मध्ये कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा. हे स्टील नुसत्या हवेत हार्ड होतं, त्याला पाण्यात बसवायचं म्हणजे कहरच. बीडला लागून असलेली पट्टी हजार अंश सेल्सियसच्या वर जाते आणि बाजूचं गार लोखंड क्षणात तिची उष्णता ओढून घेतं. उरतो बिनटेम्परचा मार्टेन्साइट (झटकन गार झालेल्या स्टीलची कडक रचना), काचेसारखा ठिसूळ. टेम्पर म्हणजे हार्डनिंगनंतर पुन्हा तापवून हा ठिसूळपणा कमी करणं. त्याच्या पलीकडची पट्टी साधारण ५५० ते ८०० मध्ये भाजते आणि मऊ पडते. म्हणजे थोडा हार्डनेस कुठेतरी जाणारच, तेवढा सोडून द्या. ती मऊ पट्टी अरुंद ठेवायची आणि काचेची पट्टी तडकू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

आणि मूळ वादाचं उत्तर: डाय शेवटच्या टेम्परच्या खालच्या तापमानाला कामापुरती ठेवली तरी तिचा हार्डनेस फारसा हलत नाही. ५१० ला टेम्पर केलेली डाय ४०० वर प्रीहीट (वेल्डिंगआधी गरम) केली तर काहीही बिघडत नाही. म्हणून हार्डनिंगवाल्याचा रिपोर्ट आधी शोधा. रिपोर्ट नसेल तर त्याच लॉटचा एखादा बाद पंच ४०० वर दोन तास ठेवा आणि गार झाल्यावर रॉकवेल बघा. आकडा तसाच राहिला तर टेम्पर वरचा, म्हणजे जास्त तापमानाचा आहे. ६१ चा ५७-५८ झाला तर डाय २०० च्या आसपास टेम्पर केलेली आहे. मग प्रीहीट १८० च्या वर नेता येत नाही आणि तडकण्याचा धोका बराच वाढतो. अशा डायला मी छोट्या टवक्यापुरतंच वेल्डिंग करतो, मोठं काम असेल तर इन्सर्ट (तेवढा भाग काढून नवा तुकडा) बसवा म्हणून सांगतो.

वरच्या टेम्परच्या डायचं काम असं. आधी तडा मुळापर्यंत ग्राइंड करा, पुन्हा डीपी मारा, खाचेचे कोपरे गोल करा. वायरकटचा (तारेच्या ठिणगीने कापल्याचा) पांढरा थर असेल तर स्टोनने काढा. नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवलेला) असेल तर तेवढा भाग पूर्ण घासून टाका, नाहीतर बीडमध्ये जाळीसारखी भोकं पडतात. मग डाय मफल भट्टीमध्ये, ४०० ला, दर इंचाला तासभर. गॅसच्या टॉर्चने गरम करणं मला पटत नाही. करायचंच तर खालून, सतत फिरवत, आणि टेम्परेचर खडूने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या) तपासत. रंगावर जाऊ नका: बारा टक्के क्रोमियममुळे निळा रंग साध्या कार्बन स्टीलपेक्षा बराच उशिरा चढतो.

बाहेर काढल्यावर डाय ब्लँकेटमध्ये गुंडाळून फक्त कोपरा उघडा ठेवा. आर्गन, १.६ ची फिलर, ६० ते ८० अँपिअर, बीड २० ते २५ मिमीचा. दर बीडनंतर गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके. शेवटचा खड्डा भरूनच आर्क सोडा, तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. डाय ३७० च्या खाली आली की परत मफलमध्ये.

झाल्यावर चुन्यात किंवा ब्लँकेटमध्ये ७०-८० पर्यंत सावकाश उतरवा. पूर्ण गार होऊ देऊ नका, उद्यावर तर अजिबात टाकू नका. लगेच ४८५-४९० ला दोन तास टेम्पर. मग गार करून पुन्हा एकदा तेच. दुसरा टेम्पर लोक वाचवतात. पहिल्यात उरलेला ऑस्टेनाइट (मार्टेन्साइट न झालेली रचना) मोडतो आणि त्याचा ताजा मार्टेन्साइट बनतो, त्याला टेम्पर कोण करणार?

रॉडचं विचारलंत ते राहिलंच. एजला ५८-६० देणारी टूल स्टीलची फिलर. खाच खोल असेल तर तळाला ३१२ स्टेनलेसचे एक-दोन थर आणि वरचे किमान ३ मिमी हार्ड फिलरचे. सगळं ३१२ ने भरलं तर तडकणार नाही, पण थोड्याच स्ट्रोकमध्ये एज दबेल. साधी इलेक्ट्रोड वापरणार असाल तर ३०० ते ३५० वर तासभर भाजून.

तडा डॉवेलच्या किंवा स्क्रूच्या भोकापर्यंत गेला असेल तर वरचं सगळं विसरा, इन्सर्ट करा. टवका एक मिमीच्या आतला असेल तर लेझर वेल्डिंग परवडतं, त्यात पट्टी फार अरुंद राहते.

पाण्याची युक्ती सरसकट खोटी नाही, हेही लिहायला हवं. जुन्या माउझर ९८ रायफलचा बोल्ट कमी कार्बनचा, वरून केस हार्डन केलेला. त्याचा दांडा वेल्ड करताना बंदूक कारागीर पुढच्या लगांना (बोल्ट अडकवणाऱ्या दातांना) ओलं फडकं गुंडाळतात ते बरोबरच, कारण वेल्ड लगांपासून लांब असतो आणि गाभा तडकणाऱ्यातला नसतो. डी२ च्या कटिंग एजवर यातलं एकही खरं नाही. त्या सुपरवायझरला हे तेव्हाच सांगितलं होतं.

शेवटचं ग्राइंडिंग मऊ व्हीलने, भरपूर कूलंट, एका पासला ०.०१ मिमीच्या आत. घाई केली तर ग्राइंडिंगचे तडे पडतात, आणि मग पुन्हा म्हणाल वेल्डिंग फाटलं.