बिनजोर वजीर आणि चार चालींची मात

बुद्धिबळ नव्याने शिकणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच : नियम कळतात, पण हरतो. मी स्वतः हा खेळ एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, तोही मुलीच्या क्लासबाहेरच्या बाकावर बसून, उघड्या दारातून. पहिले चौदा डाव ओळीने हरले. वही अजून जपून ठेवली आहे, म्हणून आकडा छातीठोकपणे सांगते.

प्रश्न : माझं वय ५८. नातीबरोबर खेळावं अशी इच्छा आहे, पण सगळ्या मोहऱ्यांच्या चाली एकदम डोक्यात राहत नाहीत. कुठून सुरुवात करू?

सगळे ३२ मोहरे मांडूच नका. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर येईल असा पट ठेवा आणि दोघांनी आपापल्या दुसऱ्या ओळीत फक्त आठ-आठ प्यादी मांडा. प्यादं सरळ एक घर चालतं, मूळ जागेवरून हवं तर दोन. मारतं मात्र तिरकं, तेही एकच घर. मागे कधीच येत नाही. ज्याचं प्यादं पलीकडच्या शेवटच्या ओळीत आधी पोचेल, तो जिंकला. चार-सहा दिवस एवढंच खेळा. पुढे खऱ्या डावात अशा प्याद्याचा वजीर होतो (हत्ती, उंट किंवा घोडाही करता येतो, पण तो हट्ट सध्या नको), तेव्हा ही सवय उपयोगी पडेल.

मग राजे ठेवा. राजा कुठल्याही दिशेला एक घर. नंतर हत्ती, नंतर उंट. हत्ती सरळ, उंट तिरका, दोघेही वाट मोकळी असेल तिथवर. वजीर म्हणजे हत्ती आणि उंट एकत्र. तो आपल्याच रंगाच्या घरात बसतो, पांढरा पांढऱ्या, काळा काळ्या. घोडा अगदी शेवटी. त्याची अडीच घरं तोंडाने सांगून कुणाला कळलेली मी पाहिलेली नाहीत. रिकाम्या पटाच्या कोपऱ्यात घोडा ठेवा आणि तो जाऊ शकेल त्या प्रत्येक घरात शर्टाचं एकेक बटण ठेवायला नातीला सांगा. दोनच बटणं लागतील. मग घोडा पटाच्या मधोमध ठेवा. आता आठ लागतील. मोहरे मध्याकडे का आणायचे, हे तिला वेगळं समजवावं लागणार नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. मित्र मला दर वेळी चार चालींत मात करतो. यावर उपायच नाही, असं तो म्हणतो.

उपाय आहे, आणि बहुधा तुझ्या मित्रालाही तो ठाऊक आहे. पट घे, मी सांगते तसं मांड. तू काळा.

त्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं सरकवलं, तूही सरकवलंस. त्याने राजाकडचा उंट बाहेर काढला, तू वजिराकडचा घोडा. इथवर उत्तम. आता त्याने वजीर तिरका नेऊन थेट पटाच्या कडेला आणला. इथे तू काय केलंस ते मी न बघता सांगते : राजाकडचा घोडा काढलास. त्या घोड्याचा नेम वजिरावर बसतो, तेव्हा तुला वाटलं, आता पळेल बेटा. तो पळाला नाही. त्याने तुझ्या राजाकडच्या उंटासमोरचं प्यादं मारलं आणि मात झाली.

ते प्यादं जिथे उभं असतं त्या घराचं नाव एफ ७. (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच, आणि त्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८, एवढं कळलं की प्रत्येक घराला नाव मिळतं.) डाव सुरू होताना बाकी प्रत्येक प्याद्याला राजाखेरीज कुठल्या तरी मोहऱ्याचा जोर असतो, म्हणजे ते कुणी मारलं तर उलट मारायला तो तयार असतो. एफ ७ ला मात्र राजाशिवाय कुणाचाच जोर नसतो. आणि त्या दिवशी राजालाही वजीर मारता आला नाही, कारण वजिराला लांबून उंटाचा जोर होता. म्हणजे मित्राने दोन मोहऱ्यांनी हल्ला केला आणि तू एकट्या राजावर भिस्त ठेवलीस.

पुढच्या वेळी वजीर कडेला आला की घोड्यासमोरचं, म्हणजे जी रांगेतलं प्यादं एक घर पुढे कर. वजिराला हटावंच लागेल. तो मागे येऊन पुन्हा त्याच एफ ७ वर नेम धरेल. आता काढ राजाकडचा घोडा, तो बरोबर आडवा येतो. त्याचा वजीर दोनदा हलून झाला आणि तुझे दोन्ही घोडे बाहेर आले.

एक जागा जपायची. काही मुलं उंट न काढता दुसऱ्याच चालीला वजीर कडेला आणतात. तेव्हा जी रांगेतलं प्यादं घाईने सरकवू नकोस. वजीर तुझं मधलं प्यादं मारून शह देईल आणि त्याच वेळी कोपऱ्यातला हत्तीही त्याच्या नेमात येईल. शह काढण्यातच तुझी चाल जाईल, हत्ती गेला. आधी वजिराकडचा घोडा काढून मधल्या प्याद्याला जोर दे, मग पुढचं.

प्रश्न : ओपनिंग्ज (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) किती पाठ कराव्यात?

एकही नाही. पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात, काळ्यालाही तितकेच. दोघांची एकेक चाल होईपर्यंत पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती होऊ शकतात. पाठ केलेल्या वाटेवरून समोरचा तिसऱ्या चालीला उतरला की तुम्ही उघडे पडता. माझे ते चौदा डाव मी पुढे एकदा पुन्हा मांडून पाहिले. ओपनिंग येत नव्हती म्हणून हरलेला त्यात एकही नव्हता. प्रत्येक डावात कुठे ना कुठे एखादा मोहरा बिनजोर ठेवला होता आणि समोरच्याने तो अलगद उचलला होता. सातव्या डावात तर वजीर. समोरचा चाल करून हात काढून घेतो, तेव्हा मनात एवढंच विचारा : याचा नेम आता कुणावर आहे, आणि माझं कोण बिनजोर आहे? आपली चाल त्यानंतर.

प्रश्न : मोबाइलवर खेळताना माझं प्यादं अचानक नाहीसं झालं. त्याच्या घरात कुणी आलंच नव्हतं!

मोबाइल ठीक आहे. तुमचं प्यादं मूळ जागेवरून एकदम दोन घरं चाललं आणि समोरच्याच्या प्याद्याला खेटून उभं राहिलं. अशा वेळी, लगेचच्या चालीलाच, तुम्ही एकच घर चालला असतात असं धरून त्याला ते तिरकं मारता येतं. नाव फ्रेंच आहे, आँ पासाँ, म्हणजे जाता जाता. जुन्या खेळात प्यादं एकच घर चालायचं. दोन घरांची मुभा आली तेव्हा शेजारच्या प्याद्याला हुलकावणी देऊन निसटता येऊ नये म्हणून हा नियम आला.

प्रश्न : किल्लेकोट केव्हा चालत नाही?

किल्लेकोट म्हणजे एकाच चालीत राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून शेजारी येतो. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला असेल, मध्ये कुणी उभं असेल, राजाला त्या क्षणी शह असेल, राजा ओलांडतो ते किंवा पोचतो ते घर शत्रूच्या माऱ्यात असेल, तर नाही. आधी शह बसून गेला असेल आणि राजा न हलवता काढला असेल, तर खुशाल करा. हात मात्र आधी राजाला लावा. स्पर्धेत आधी हत्तीला शिवलात तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला.

प्रश्न : समोरच्याचा एकटा राजा उरला होता. त्याला हलायला घरच नव्हतं, पण शह नव्हता. मी जिंकलो ना?

नाही. बरोबरी, अर्धा-अर्धा गुण. याला स्टेलमेट म्हणतात. एका आठ वर्षांच्या मुलीविरुद्ध मी वजीर हातात असताना हेच करून बसले. तिने ‘काकू, मला चालच नाही’ म्हणत पटाकडे बोट दाखवलं, तेव्हा माझा वजीर तिच्या कोपऱ्यातल्या राजापासून नेमका घोड्याच्या चालीएवढ्या अंतरावर होता.

हे अंतर फसवं आहे. एकट्या राजाला कडेकडे रेटत न्यायला ते फार कामाचं : तो जिथे जाईल तिथे वजीर घोड्याच्या अंतरावर आणायचा. पण राजा कोपऱ्यात शिरला की लगेच थांबा. समजा तो ए ८ ला गेला. वजीर डी ७ वर ठेवा. आता राजाला ए ८ आणि बी ८ एवढीच दोन घरं उरतात, त्यांत घालू दे येरझाऱ्या. तोवर तुमचा राजा सावकाश बी ६ पर्यंत चालत न्या. मग वजीर बी ७ वर. त्याला तुमच्या राजाचा जोर, म्हणून मारता येत नाही. मात.

प्रश्न : वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १. मग घोडा आणि उंट देऊन हत्ती आणि प्यादं घेतलं तर हिशोब चुकता ना?

कागदावर सहाला सहा. पटावर सुरुवातीला सहसा नाही. तुमचे दोन कामाला लागलेले मोहरे गेले, त्याचा कोपऱ्यात झोपलेला हत्ती गेला. मी घेत नाही.

प्रश्न : माझ्याकडे वजीर, त्याच्याकडे एकच हत्ती. तरी मी एका चालीत हरलो. नोंद सोबत पाठवतो. नक्की काय झालं?

नोंद पटावर मांडून पाहिली. किल्लेकोटानंतर तुमचा राजा जी ८ वर, समोर एफ, जी, एच रांगांतली तिन्ही प्यादी जागची न हललेली. वजीर लांब ए २ वर प्यादं मारायला गेलेला. त्याचा हत्ती ई ८ वर उतरला. शेवटच्या ओळीत शह, पुढे जायला तुमचीच तीन प्यादी आड, मध्ये घालायला कुणी नाही. एच रांगेतलं प्यादं एक घर पुढे केलं असतं तर राजाला खिडकी मिळाली असती. किल्लेकोटापासून त्या शहापर्यंत तुम्ही सतरा चाली केल्यात. त्यांतल्या पाच नुसत्या वजिराच्या, एकाच प्याद्यासाठी.