‘आण्विक चाळणी’त अणू कुठून आला?

प्रश्न असा आहे: पेट्रोल आणि खनिज तेल रसायनं तयार करताना झिओलाइट नावाचा पदार्थ वापरतात. त्याविषयीच्या एका लेखात त्याला ‘आण्विक चाळणी’ म्हटलं आहे. तेलशुद्धीकरणात अणुशक्तीचं काय काम? शिवाय दोन ओळींनंतर त्याच पदार्थाला ‘उत्प्रेरक’ म्हटलंय, मग हे दोन शब्द समानार्थी समजायचे का?

अणुशक्तीचा इथे काडीचाही संबंध नाही. ‘आण्विक’ हा शब्द हिंदीतून जसाच्या तसा उतरलाय. हिंदीत अ‍ॅटम म्हणजे ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूल म्हणजे ‘अणु’. मराठीत अ‍ॅटम म्हणजे ‘अणू’ आणि मॉलिक्यूल म्हणजे ‘रेणू’. त्यांची ‘परमाणु ऊर्जा’ ती आपली अणुऊर्जा. मॉलिक्युलर सीव्हला हिंदीत ‘आण्विक छलनी’ म्हणतात आणि त्यांच्या हिशेबानं ते चोख आहे. अनुवादकानं छलनीची चाळणी केली आणि ‘आण्विक’ला हात लावला नाही, कारण तो शब्द मराठीतही आहे. फक्त आपल्याकडे तो अण्वस्त्रांच्या घरचा आहे. लिपी एक असली की असे शब्द तपासणीशिवाय आत येतात. अनोळखी शब्दापाशी आपण थबकतो, ओळखीच्या चेहऱ्याला कोण हटकणार?

हिंदीचं चुकलं की आपलं, असा वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. प्राचीन वैशेषिक तत्त्वज्ञांच्या मांडणीत परमाणू सर्वांत लहान, दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. या त्र्यणुकालाच त्रसरेणू म्हणतात: कवडशात तरंगताना दिसतो तो धुळीचा कण. हिंदीनं या शिडीच्या तळाचा ‘परमाणु’ धरला, मराठीतला ‘रेणू’ वरच्या पायरीवर ऐकू येतो. आपापल्या जागी दोन्ही व्यवस्था नीट चालतात. एकीतला शब्द दुसरीत नेला की घात होतो.

तेव्हा मराठीत ‘रेणवीय चाळणी’ म्हणावं. ‘रेण्वीय’ असंही लिहिलेलं दिसतं, पण वायूपासून ‘वायवीय’ होतं तसं रेणूपासून ‘रेणवीय’ व्हावं, आणि ते उच्चारायलाही सोपं. साध्या लिखाणात ‘रेणूंची चाळणी’ म्हटलंत तर मला जास्त आवडेल.

आता चाळणीकडे. वायू आणि द्रव वेगळे करायचेत, मग ‘गाळणी’ का नको, असं कुणी विचारेल. पण गाळताना दोन जातींचे पदार्थ वेगळे होतात, द्रव खाली जातो आणि गाळ वर राहतो. चाळताना एकाच जातीचे कण आकारमानानुसार वेगळे होतात: बारीक वाळू एकीकडे, खडे दुसरीकडे. झिओलाइट हे दुसरं काम करतं. जेम्स मॅकबेन यांनी 1932 साली ‘मॉलिक्युलर सीव्ह’ ही संज्ञा वापरली तेव्हा त्यांच्या मनात हाच गुण होता.

नॉर्मल पेंटेन आणि आयसोपेंटेन हे दोन रेणू घ्या. दोघांतही कार्बन पाच आणि हायड्रोजन बारा, म्हणजे वजन सारखं. पण पहिला सरळ साखळीचा आणि दुसऱ्याला फांदी फुटलेली. ‘5ए’ जातीच्या झिओलाइटच्या छिद्रात पहिला शिरतो, दुसरा बाहेर राहतो. नावातला आकडा छिद्राचं ढोबळ माप सांगतो, अँगस्ट्रॉममध्ये. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. 3ए, 4ए आणि 5ए यांचा सांगाडा एकच. दाराशी पोटॅशियमचा आयन, म्हणजे भारित अणू, बसला की छिद्र तीनपर्यंत अरुंद होतं, सोडियम असेल तर चार. कॅल्शियमवर विद्युत्‌भार दुप्पट, म्हणून निम्मेच आयन पुरतात, वाट मोकळी होते आणि छिद्र पाचच्या आसपास जातं. अल्कोहोलमधलं उरलंसुरलं पाणी काढायला 3ए वापरतात, कारण पाणी आत मावतं आणि अल्कोहोल मावत नाही.

मराठीत ‘चाळणे’ याच क्रियापदापासून ‘चाळण’ही आहे: रस्त्याची चाळण झाली, असं आपण म्हणतो. तिथली भोकं कशीही आणि कुठेही पडलेली असतात. सिलिका जेल किंवा सक्रिय कोळसा यांनाही अतोनात छिद्रं असतात, पण लहानमोठी. ती चाळण. झिओलाइटची छिद्रं हा स्फटिकाच्या रचनेचाच भाग असल्यामुळे एका जातीच्या झिओलाइटमध्ये ती ठरलेल्या मापाची असतात. ही चाळणी. एवढा नेमका भेद दाखवणारी जोडी आपल्याकडे आयती पडून आहे आणि विज्ञानलेखनात ती कुणी वापरत नाही, याची मला खंत आहे.

उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगतो. वाळूच्या चाळणीतून बारीक कण पार पलीकडे पडतात. इथे आत शिरलेला रेणू आतच थांबतो. त्याला बाहेर काढायला तापवावं लागतं किंवा दाब कमी करावा लागतो. चाळणीपेक्षा हा अरुंद दारांचा वाडा म्हणा. खनिज तेलाच्या कामात ज्याला ‘वाय’ झिओलाइट म्हणतात त्याचं दार सुमारे 7.4 अँगस्ट्रॉम आणि आतली खोली 12–13 अँगस्ट्रॉम.

आणि ‘उत्प्रेरक’, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवून आणणारा पदार्थ, हा शब्द त्या खोलीत काय घडतं त्यासाठी आहे. झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा. सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं की एक ऋण भार शिल्लक राहतो. तो फेडायला सोडियम बसवला तर ते नुसतं चाळणीचं काम करतं. हायड्रोजन आयन बसवला तर तोच पदार्थ तीव्र आम्ल होतो आणि मोठ्या हायड्रोकार्बन रेणूंचे तुकडे पाडू लागतो. मोबिल कंपनीच्या प्लँक आणि रोसिन्स्की यांना 1964 मध्ये अशा झिओलाइट उत्प्रेरकाचं पेटंट मिळालं. त्याआधी हे काम माती आणि स्फटिकरूप नसलेलं सिलिका-अ‍ॅल्युमिना यांवर चाले. मराठी परिभाषेत याला ‘उत्प्रेरकी भंजन’ म्हणतात. कारखान्यात मात्र ‘कॅट क्रॅकर’ आणि ‘कॅटॅलिस्ट’च ऐकू येतं.

म्हणजे चाळणी आणि उत्प्रेरक समानार्थी नाहीत. पाणी शोषणारं 4ए ही चाळणी आहे, उत्प्रेरक नाही. भंजनातलं ‘वाय’ हे मुख्यतः उत्प्रेरक. दोन्ही शब्द एकाच वेळी लागू पडतात ते झेडएसएम-5 ला. नावात झिओलाइट, सोकोनी आणि मोबिल यांची आद्याक्षरं. अर्गावर आणि लँडोल्ट यांचं त्यावरचं पेटंट 1972 चं. त्याची छिद्रं साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास. झायलिन या हायड्रोकार्बनचे तीन समघटक, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी असलेले रेणू, आत एकमेकांत बदलत राहतात, पण ज्याचे दोन मिथाइल गट समोरासमोर असतात तो सडपातळ पॅराझायलिन झटकन बाहेर सटकतो. बाकीचे दोघे रेंगाळतात, आणि रेंगाळता रेंगाळता त्यांचंही पॅराझायलिन होतं. पॉलिएस्टरच्या धाग्याला लागणारा कच्चा माल तो हाच. इथे चाळणी निवडते आणि उत्प्रेरक घडवतो.

जाता जाता आणखी एका शब्दाबद्दल. शाळेत आपण घोकतो की उत्प्रेरक खर्च होत नाही. भंजनाच्या यंत्रात मात्र काही सेकंदांत त्यावर कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचतो आणि त्याला ‘स्पेंट कॅटॅलिस्ट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘खर्च झालेला’! मग सुमारे 700 अंश सेल्सियसला तो कोक जाळून तीच भुकटी पुन्हा कामाला लावतात. तिथे ‘खर्च झालेला उत्प्रेरक’ लिहिलं की वाचक बुचकळ्यात पडणार. मी ‘काजळलेला उत्प्रेरक’ लिहितो. काजळी धरते आणि जाळता-पुसता येते, नेमकं तेच घडत असतं.

तुम्ही वाचलेलं वाक्य मी असं लिहिलं असतं: “झिओलाइट ही रेणूंची चाळणी आहे, तिला आम्लाचा गुण दिला की ती उत्प्रेरकाचंही काम करते.”

आणि लिहिताना ‘झिओलाइट’च लिहा. हिंदीतल्या ‘ज़िओलाइट’चा नुक्ता गळून आपल्याकडे ‘जिओलाइट’ येतं आणि वाचकाला जिऑलॉजीतला ‘जिओ’, म्हणजे पृथ्वी, आठवते. इथलं ‘झिओ’ ग्रीकमधल्या ‘उकळणे’ या क्रियापदाचं आणि ‘लाइट’ म्हणजे दगड. स्वीडनचे क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये हे खनिज तापवलं तेव्हा ते फसफसलं, म्हणून हे नाव. मी उलटा प्रयोग पाहिलाय. काचेच्या बशीत 4ए चे कोरडे मणी होते, वर चमचाभर पाणी पडलं. चुरचुर आवाज करत बुडबुडे निघाले आणि बशी इतकी तापली की मला ती खाली ठेवावी लागली.