संवाद कुजबुजतात, स्फोट कानठळ्या बसवतात

प्रश्न: ओटीटीवर सिनेमा लावला की संवाद ऐकूच येत नाहीत. आवाज वाढवला तर मारामारी सुरू होताच घर दणाणतं. टीव्ही नवा आहे. साउंडबार घ्यावाच लागेल का?

उत्तर: इतक्यात नको. बिघाड टीव्हीत नाही, हिशेबात आहे. सिनेमाचा आवाज बहुधा ५.१ मध्ये, म्हणजे पाच अधिक एक अशा सहा वेगळ्या चॅनेलमध्ये मिसळलेला असतो: डावा, उजवा, मधला, बाजूचे दोन आणि धमाक्यांसाठी सबवूफर. संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनेलमध्ये. टीव्हीला तसा वेगळा मधला स्पीकर सहसा नसतो, म्हणून टीव्ही ते संवाद साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात वाटून टाकतो आणि त्याच दोघांतून संगीत, गर्दी, स्फोटही वाजवतो. त्यात टीव्ही पातळ झाल्यापासून स्पीकरची तोंडं जमिनीकडे किंवा भिंतीकडे. 'स', 'श', 'त' ओळखू येतात ते मुख्यतः २ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यामुळे, आणि असा आडवळणाने आलेला आवाज नेमका तिथेच मार खातो.

सिनेमा चालू असताना अॅपमधला ऑडिओचा मेनू उघडा. त्याच भाषेपुढे '५.१' न लिहिलेला पर्याय असेल तर तो घ्या; बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. नसेल, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये व्हर्च्युअल सराउंड (चहूबाजूंनी आवाज येतोय असा भास करणारी सोय) बंद करा आणि 'क्लिअर व्हॉइस' किंवा तत्सम नावाचा पर्याय सुरू करा. 'नाइट मोड' असेल तर तोही लावून बघा: तो मोठे आवाज दाबतो, बारीक वर आणतो. इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या) १०० हर्ट्झची पट्टी तीनेक पायऱ्या खाली, ३ किलोहर्ट्झच्या आसपासची दोन पायऱ्या वर. त्याहून वर नेलीत तर प्रत्येक 'स' कानाला टोचेल. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि तोच प्रसंग पुन्हा ऐका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचं नाही.

एवढं करूनही साउंडबार घ्यायचाच असेल तर पहिला आकडा ३ किंवा जास्त असलेला घ्या (३.१, ५.१). २.१ मध्ये मधला चॅनेल नसतो. सबवूफर मात्र असतो, म्हणजे दणदणाट वाढतो आणि मूळ दुखणं तसंच. एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज साउंडबारला पोचवणारी एचडीएमआय जोडणी) जोडल्यावर टीव्हीचं डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर राहू देऊ नका. एआरसीवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल. मधल्या स्पीकरसाठी वेगळा संवाद पोचतच नाही. 'बिटस्ट्रीम', 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' निवडा.

प्रश्न: याच टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत का दिसतो?

उत्तर: सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० किंवा १२० वेळा ताजा होणारा. मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः बनवून घुसवतो. सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं. क्रिकेट-फुटबॉलला हवं तर चालू ठेवा, तिथे ते शोभतं.

प्रश्न: व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो मोठा छापला की धूसर का येतो?

उत्तर: पाठवताना तो आकाराने लहान होतो, शिवाय फाइल हलकी करायला त्यातले बारकावेही गाळले जातात. समजा तुमच्याकडे १६०० बाय १२०० पिक्सेलचा फोटो पोचला. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर लांबी जेमतेम सव्वापाच इंच! 'एचडी' निवडल्याने बरं येतं, पण तीही मूळ फाइल नव्हे. पाठवणाऱ्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, पण फाइल मॅनेजरमधून निवडून. फक्त एक ध्यानात असू द्या: मूळ फाइलबरोबर फोटो कुठे काढला ती जागाही जाऊ शकते. अनोळखी माणसाला पाठवायचा असेल तर गॅलरीत फोटोच्या तपशिलातून लोकेशन आधी काढून टाका.