"माझ्या हातून क्षमा न होणारं पाप घडलंय का?"

मी समुपदेशक आहे. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या खोलीत हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण मनापासून विश्वास ठेवणारे असतात. प्रार्थनेला बसलं की प्रभूबद्दल शिव्या, घाणेरडी चित्रं मनात येतात. मग बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातलं, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची, म्हणजे निंदेची, क्षमा होणार नाही हे वचन आठवतं आणि तारण, म्हणजे पापातून मिळालेली सुटका, गेलं अशी धडकी भरते. अशाच एका तरुणाची हकिकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो अंबडच्या एका कारखान्यात मशिनवर होता. विचार आला की हातातलं काम थांबवून "प्रभू, क्षमा कर" म्हणायचा. ते मनासारखं म्हटलं गेलं नाही वाटलं, की पुन्हा पहिल्यापासून. सुपरवायझरने दोनदा तंबी दिली होती. अयोग्य रीतीने भाकर घेतली तर दंड येईल या भीतीने प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या चर्चमधल्या विधीला, जाणं सुटलं होतं. रात्री-अपरात्री चर्चच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) फोन व्हायचा, "माझी क्षमा झाली ना?" बाहेरगावच्या एका प्रचारकाने अशुद्ध आत्मा असल्याचं सांगून उपास करायला लावले. अशक्तपणा आला, विचार मात्र वाढले.

आई म्हणाली, "मॅडम, आमच्या विश्वासात कुठं कमी पडलं?"

कमी कुठेच पडलं नव्हतं. हा ओसीडी होता, म्हणजे मंत्रचळ: नकोसे विचार पुन्हा पुन्हा येतात आणि ते शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो. तो माणसाला जे सगळ्यात प्रिय असतं तिथेच चावतो. तान्ह्या बाळाच्या आईला बाळाला इजा करण्याचे विचार येतात, तसे भक्ताला निंदेचे. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, की असे नकोसे विचार आजार नसलेल्या माणसांच्याही मनात येतात. फरक पडतो तो त्यांना दिलेल्या अर्थामुळे. हा मुलगा प्रत्येक विचाराला पाप समजून पुसायला धावत होता. खाजवल्याने खाज वाढते तसं चाललं होतं. क्षणभर बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढचा फोन पक्का व्हायचा.

पहिल्याच भेटीत मी त्याला जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारलं. "असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं" असं त्याला वाटायचं, पण बेत नव्हता. तरी त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्री मन हाताबाहेर गेलं तर कुठे बोलायचं म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक घरात लावून ठेवायला सांगितला. गोळ्या घेणं म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास, असं त्याला वाटत होतं. मी त्याला बायबलमधला यशया ३८ हा अध्याय वाचायला लावला. आजारी हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्याच अध्यायात संदेष्टा गळवावर अंजिरं बांधायला सांगतो. तो बराच वेळ त्या ओळीवर थांबला. या आजारात गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा ८ ते १२ आठवडे जातात, हेही आधीच सांगितलं, नाहीतर लोक महिन्याभरात सोडून देतात.

त्याच्या संमतीने मी पाळकसाहेबांना भेटले. मत्तय १२ चा अर्थ त्यांनी त्याला नीट समजावावा, अशी विनंती केली. त्यांनी फार सुंदर समजावला. परूशी, म्हणजे येशूला विरोध करणारे धर्मपुढारी, डोळ्यांदेखत झालेलं त्याचं चांगलं काम बालजबूलाचं, म्हणजे सैतानाचं, म्हणत होते, मन कठोर करून, जाणूनबुजून. ज्याला या पापाची इतकी भीती वाटते त्याचं मन तसं कठोर झालेलं नाही. मग मी त्यांना अवघड गोष्ट सांगितली: हे उत्तर आता पुन्हा द्यायचं नाही.

ते गप्प झाले. म्हणाले, "मेंढराने हाक मारली तर ओ द्यायची नाही?"

ओ द्यायची, पण खात्री द्यायची नाही. वाक्य आम्ही मिळून ठरवलं: "उत्तर तुला माहीत आहे. आता कामाला लाग." आईलाही तेच शिकवलं.

उपचार म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीचा विधी रोखायचा. श्रद्धाळू माणसाबरोबर हे करताना माझी एक हद्द आहे: त्याच्या धर्मात जे पाप आहे ते मी त्याला करायला लावत नाही. साध्या विश्वासणाऱ्याला जे जमतं तेवढंच मागते. उपासनेत विचार आला म्हणून गाणं अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. मत्तय १२ मधलं ते वचन वाचून बायबल मिटायचं, पुढे क्षमा मागायची नाही. शेवटची पायरी, मनात शिवी असतानाच प्रभुभोजन घ्यायचं. विश्वास इथे खरोखर उपयोगी पडला. कृपा विनामूल्य असेल तर ती आपल्या बिनचूक प्रार्थनेवर टांगलेली असू शकत नाही, हे त्यालाच उमगलं, आणि धोका पत्करायचं बळ त्याला तिथूनच मिळालं.

प्रभुभोजन त्याने पावसाळ्यात घेतलं. घाम फुटला, पण पेला खाली ठेवून तो जागेवर बसून राहिला. विचार आजही येतात. ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहात जोर वाढला, दोन फोन झाले, ठरलेलं वाक्य मिळालं.

"ख्रिस्ती समुपदेशकच हवा का?" असंही लोक विचारतात. माझ्या मते, नको. ओसीडीचे उपचार येणारा आणि तुमच्या श्रद्धेचा मान राखणारा माणूस हवा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. प्रत्येक भेटीत प्रार्थना करून धीर देणारा ख्रिस्ती समुपदेशक या आजारात नकळत आणखी एक विधी जोडून देतो. म्हणून या मुलाबरोबर मी भेटीत कधीच प्रार्थना केली नाही, आणि का ते त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.